डिसूझांचा सिंगल कोट

सकाळी ९.४०
बस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, फोन गोव्याच्या शाखेचा. ग्राहक शोधताना डिसूझा टाकलं की एरर येते. नाईक सापडतात, कामत सापडतात. डिसूझा, डिमेलो नाहीत.

१०.३०
स्टँडअप. आमच्यात जुने दोन पक्ष. डीबीए सरांचं म्हणणं, एसक्यूएल डेटाबेसातच हवं, स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये. आम्हा पोरांना क्वेरी कोडमध्ये हवी. गिटमध्ये कुणी काय बदललं ते दिसतं. सर म्हणाले, "तुमचीच इनलाइन क्वेरी फुटली असेल. प्रोसिजरमध्ये इंजेक्शनची भीती नाही."

११.१५
कोड उघडला. शोध प्रोसिजरमधूनच चालतो! आत नाव, शहर, फोन यांतलं जे भरलंय ते प्लसने जोडून क्वेरीचा मजकूर बनवलेला. इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'डी'नंतर सिंगल कोट येतो. सर्व्हरच्या लेखी नाव तिथंच संपलं आणि पुढचं 'सूझा' आज्ञेत जाऊन पडलं. आज नुसती एरर आली. याच फटीतून कुणी मुद्दाम आज्ञा घुसवली असती तर?

दुपारी १.००
डबे उघडले, वादही. "प्रोसिजर वेगवान, प्लॅन तयार असतो," सर. मी म्हटलं, "सर, १९९८च्या ७.० आवृत्तीपासून एसक्यूएल सर्व्हर पॅरामीटर लावलेल्या साध्या क्वेरीचाही प्लॅन जपून ठेवतो." सरांनी भाजीचा डबा पुढे सरकवला. "बरं. पण माझ्या पद्धतीत अ‍ॅपच्या लॉगिनला टेबलाला हात लावता येत नाही. फक्त प्रोसिजर चालवायची मुभा."
हे मात्र खरं होतं.

२.३०
म्हणजे, खरं असायला हवं होतं. प्रोसिजरच्या आत जोडून बनवलेली क्वेरी लॉगिनच्या स्वतःच्या परवानगीवर चालते. म्हणून कुणीतरी कधीतरी टेबल वाचायची मुभा देऊन ठेवलेली. सर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

४.००
सरांनी जोडाजोडी काढून सरळ क्वेरी लिहिली: रकाना रिकामा असेल तर ती अट सोडायची, भरलेलं मूल्य पॅरामीटर म्हणूनच जाणार. प्लॅन दर वेळी नव्याने बनवायची सूचना शेवटी. मग ती मुभा काढून घेतली.

५.४५
गोव्याहून फोन : डिसूझा सापडले, डिमेलोही. सरांनी प्रोसिजरची फाइल गिटमध्ये टाकली, पहिल्यांदाच.

६.३०
निघता निघता आमच्या इनलाइन क्वेऱ्यांमध्ये तोच प्लस शोधला. तीन ठिकाणी निघाला. उद्या स्टँडअपला आधी मीच बोलेन.