कूर्चेतल्या पेशी आणि क जीवनसत्त्व

गुडघ्याच्या हाडांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातल्या मोजक्या पेशींना सांध्यातल्या द्रवातून झिरपेल त्यावरच भागवावं लागतं. वय, जुनी दुखापत किंवा सूज यांमुळे तिथे ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू वाढले, की या पेशी थकतात, मरतात. आणि झीज भरून काढणारं दुसरं कुणी तिथे नसतं. क जीवनसत्त्व हे रेणू निष्प्रभ करतं, शिवाय कोलॅजेनचा पीळ घट्ट होण्यासाठीही तेच लागतं. ई जीवनसत्त्व पेशींच्या स्निग्ध आवरणाची राखण करतं.

मग गोळ्या घ्याव्यात का? माझ्या मते, घाई नको. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम इथल्या पाहणीत (1996) आहारातून भरपूर क जीवनसत्त्व घेणाऱ्यांच्या गुडघ्यांची झीज कमी वेगाने वाढलेली दिसली. पण 2004 मध्ये गिनीपिगांना दीर्घकाळ मोठी मात्रा दिली, तेव्हा संधिवात उलट बळावला. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या दोन वर्षं देऊनही माणसांच्या गुडघ्यातली कूर्चा वाचली नाही.

म्हणून पेरू, आवळा, मोड आलेली कडधान्यं, मूठभर शेंगदाणे रोज खावेत. दुखणाऱ्या गुडघ्यांसाठी मात्र वजन आटोक्यात ठेवणं आणि मांडीचे स्नायू बळकट करणं यांचा उपयोग कितीतरी जास्त खात्रीचा आहे.