लांबची वाट, लवकरची पोच

पृथ्वीच्या गोलावर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, की तो जपानकडे वळत नाही. सरळ वर चढतो. तिबेट, सायबेरिया, मग गोठलेला उत्तर महासागर, आणि अलास्कावरून खाली उतरतो. दोन विमानतळांमधली ही सर्वांत आखूड वाट, सुमारे १२,३७० किलोमीटरची.

पण दोऱ्याला डोंगर लागत नाहीत, विमानाला लागतात. केबिनमधला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला विमान झटपट दहा हजार फुटांपर्यंत खाली आणावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंच. तिथे खाली यायला जागाच नाही. म्हणून त्या भागाला शक्यतो वळसा घालतात.

एअर इंडियाने डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानसेवा सुरू केली, तेव्हा विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून जाई. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने तोंड फिरवले आणि विमान पूर्वेला, पॅसिफिकवरून नेले. अंतर वाढून १५,३०० झाले, वेळ मात्र साडेचौदा तासांवर आला; आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी. चौदाशे किलोमीटर जास्त, तरी दोन तास आधी! भागाकार केला तर जमिनीच्या हिशेबाने सरासरी वेग ताशी एक हजार पन्नासच्या वर जातो. एवढा वेग इंजिनांचा नव्हे. त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह विमानाला पाठीमागून ढकलत होते. परतीचे विमान अटलांटिकवरूनच, म्हणजे पुन्हा पूर्वेकडेच, येत राहिले. जाऊन-येऊन पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण.

ही वाट ठरते जमिनीवर, फ्लाइट डिस्पॅचरच्या टेबलावर, आणि तीही दर उड्डाणाला नव्याने. त्याच्यासमोर वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यांचे नकाशे, प्रवासी आणि सामान यांचे वजन, बंद असलेल्या हवाई क्षेत्रांच्या सूचना असतात. इंधनाचा हिशेब सर्वांत नाजूक: प्रवासापुरते, त्यावर अनपेक्षित खर्चासाठी काही टक्के, पर्यायी विमानतळ गाठण्याइतके, आणि शेवटी तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे. जास्तीचे भरून मोकळे होता येत नाही, कारण ते वाहून न्यायलाही इंधनच जळते. कॅप्टन हा आराखडा तपासून सही करतो. प्रवाशाला कळणाऱ्या ‘साडेचौदा तास’ या एका आकड्यामागे इतकी माणसे आणि इतकी काळजी असते, हे कळले की त्या आकड्याबद्दल आदर वाटतो.

एखादी सीमा बंद झाली, की आराखडा पुन्हा पहिल्यापासून. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, आणि अमेरिकेकडे पश्चिमेने जाणाऱ्या काही विमानांना युरोपात इंधनासाठी उतरावे लागले.

वेळापत्रकातला वेळ मोजतात तो चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंत. त्यामुळे धावपट्टीसाठी रांगेत थांबणेही त्यात आलेच.

पुण्याहून नातवंडाला बघायला निघालेले आजी-आजोबा मात्र घड्याळाने चक्रावतात. उन्हाळ्यात दोन्हीकडच्या वेळांत साडेबारा तासांचा फरक असतो. पॅसिफिकवरून जाताना दिल्लीहून पहाटे चारला उडालेले विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडून आदल्या दिवसाच्या रात्रीत शिरते, मध्यरात्र पुन्हा पार करते आणि सहाच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोला टेकते. एकाच तारखेची दुसरी पहाट तिथे खिडकीबाहेर उजाडत असते.