घर पाहावे तपासून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपण खर्च आणि दगदग या संदर्भात वापरतो. पण तिच्यातल्या ‘पाहावे’ या शब्दात प्रयोगाची कल्पना दडलेली आहे. करून पाहिल्याशिवाय कळत नाही, असेच प्रयोगशाळेतही आपण म्हणतो. मग एक प्रश्न उरतो. दुसऱ्याने करून पाहिलेला प्रयोग, म्हणजे आधीच बांधलेले घर, आपल्याला काही सांगू शकतो का?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत हा प्रश्न आज अनेकांपुढे आहे. लोकल गाडी कर्जतला आणि खोपोलीला येते, डोंगर जवळ आहेत. मुंबई-ठाण्यात नोकरी केलेले, निवृत्तीकडे आलेले लोक इथे घर शोधतात; त्यांत शिक्षकही पुष्कळ. गावातल्या कुटुंबांनाही जुने घर दुरुस्त करावे की नवे बांधावे, हे ठरवावे लागते. आयुष्याची पुंजी यात जाते. तेव्हा ‘प्लॉट घेऊन बांधावे, की बांधलेले घ्यावे?’ या प्रश्नाकडे भावाच्या हिशोबापलीकडे जाऊन पाहायला हवे.

पुरावा आणि नियंत्रण

जुने घर म्हणजे पूर्ण झालेला प्रयोग. वीस पावसाळे झेललेल्या भिंतीवर त्या पावसाळ्यांची नोंद असते. कुठे ओल आली, कुठे तडा गेला, जोते कोणत्या कोपऱ्यात खचले, हे डोळ्यांना दिसते. मात्र बांधताना काय केले, सळई किती घातली, काँक्रीटमध्ये पाणी किती ओतले, हे आता उघडून पाहता येत नाही.

नवे घर याच्या नेमके उलट. प्रत्येक टप्पा आपण पाहू शकतो, बदलू शकतो, नोंदवू शकतो. पण निकाल कळायला पावसाळे जावे लागतात. थोडक्यात, जुन्या घराकडून पुरावा मिळतो, नव्या घरात नियंत्रण मिळते. दोन्हींच्या खाली जमीन असते आणि ती आपल्याला बदलता येत नाही. म्हणून सुरुवात तिथून करू या.

आधी जमीन

कर्जतला १९१९ पासून भातसंशोधन केंद्र आहे. हा भाताचा मुलूख आहे आणि विक्रीला निघालेले अनेक प्लॉट मुळात भाताची खाचरे असतात. खाचर म्हणजे काय, हे एकदा आठवून पाहावे. पाणी साचून राहावे म्हणून सपाट केलेली, बांध घातलेली, चिखलणी करून तळ घट्ट केलेली जागा. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी जिथे पाणी अडवले, तिथे आपण कोरडे जोते उभारायला निघालेले असतो. त्यावर मुरमाचा भराव टाकतात. भरावातल्या कणांमध्ये हवेच्या पोकळ्या असतात. वरचे वजन आणि झिरपणारे पाणी यांमुळे कण सरकतात, पोकळ्या कमी होतात आणि भराव बसतो. सगळीकडे सारखा बसला तर फारसे बिघडत नाही. एका बाजूला जास्त बसला की भिंतीत तिरका तडा जातो. त्यामुळे पाया भरावावर न ठेवता खालच्या घट्ट मुरमापर्यंत किंवा कातळापर्यंत न्यावा लागतो. तो किती खोल आहे, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट नदीची. उल्हास कर्जतजवळून वाहत नेरळ, वांगणी, बदलापूरकडे जाते. पाताळगंगा खोपोलीकडून खालापूर तालुक्यातून वाहते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. रेल्वेचा रूळ भरावामुळे आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच असतो, हे लक्षात घेतले तर तिथल्या शेतांत किती पाणी असेल याची कल्पना येईल.

‘तीस वर्षांत इथे कधी पाणी आले नाही’ असे विकणारा प्रामाणिकपणे सांगत असेल. पण या पुराव्याचे मोल किती? समजा, एखादा मोठा पूर सरासरीने १०० वर्षांतून एकदा येतो. म्हणजे कोणत्याही एका वर्षी तो न येण्याची शक्यता ०.९९. सलग ३० वर्षे तो न येण्याची शक्यता ०.९९ चा ३० वा घात, म्हणजे सुमारे ०.७४. पूरक्षेत्रातल्या चार घरांपैकी तीन घरांचे मालक तीस वर्षांनी हेच वाक्य खरेपणाने बोलू शकतील. त्यात हवा जितकी गरम, तितकी तिची बाष्प धरण्याची क्षमता जास्त. एका अंशाला साधारण ७ टक्के. त्यामुळे मागचे पावसाळे हे पुढच्या पावसाळ्यांचे नेमके माप राहिलेले नाहीत. ‘पाणी येते का?’ यापेक्षा ‘२६ जुलै २००५ ला आणि जुलै २०१९ ला पाणी कुठपर्यंत आले होते?’ असे विचारावे, आणि ते विकणाऱ्याला न विचारता शेजारच्या वयस्कर माणसांना विचारावे.

इर्शाळवाडीने काय शिकवले

तिसरी गोष्ट उताराची. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आधीच्या तीन दिवसांत तिथे ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचे शासनाने विधानसभेत सांगितले. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती.

असे का घडते? आपले डोंगर बेसॉल्टचे. हा खडक झिजून त्यावर मुरूम आणि माती यांचा थर तयार होतो. उतारावर हा थर कणाकणांमधल्या घर्षणाने टिकून असतो. कोरड्या मातीत कण एकमेकांवर दाबलेले असतात. पाऊस मुरला की मातीचे वजन वाढते. शिवाय पोकळ्यांत भरलेले पाणी कणांना एकमेकांपासून दूर ढकलू लागते. दाब कमी झाला की घर्षण कमी होते. खालचा घट्ट कातळ पाणी लवकर पुढे जाऊ देत नाही, आणि एका क्षणी सगळा थर घसरतो. ४९९ मिलिमीटर म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ अर्धा टन पाणी. त्यातले बरेचसे वाहून गेले तरी मुरणारे पाणी थोडे नसते.

इर्शाळवाडी कित्येक पिढ्यांची वस्ती होती. जुने घर हा पुरावा असतो हे आपण वर म्हटले. त्या पुराव्याची मर्यादा इथे दिसते. घराने सोसले ते त्याच्या आयुष्यात जे घडले तेवढेच. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे सिडकोने चौकजवळ मानिवली इथे ४४ घरे बांधली. तिथे पहिला निर्णय जागेचा होता, घरांचा नंतरचा.

डोंगराच्या कुशीतले घर किंवा प्लॉट पाहताना काही खुणा शोधाव्यात. उतारावर जमिनीला समांतर भेगा, बुंध्यापाशी वाकून पुन्हा सरळ वर गेलेली झाडे, कललेले खांब, पावसाळ्यात नव्याने फुटलेले किंवा अचानक गढूळ झालेले झरे. वरच्या बाजूला रस्त्यासाठी किंवा दुसऱ्या बंगल्यासाठी डोंगर कापला असेल, तर खालचे घर नवे असो की जुने, विचार सोडून द्यावा.

जुन्या काँक्रीटची परीक्षा

जमीन उत्तीर्ण झाली असे समजू. आता बांधलेले घर तपासायचे आहे. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. १०० चौरस मीटर छपरावर म्हणजे ३०० घनमीटर, तीन लाख लिटर पाणी, तेही जवळजवळ सगळे चार महिन्यांत. एवढ्या पाण्याला वाट नीट दिलेली नसेल तर ते आपली वाट शोधते. उतरते कौलारू छप्पर आणि लांब पागोळ्या हे कोकणातले जुने उत्तर. सपाट स्लॅब असेल तर त्याचा उतार, पन्हाळ आणि छताच्या आतल्या बाजूचे पिवळट डाग आधी पाहावेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सळईची. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू १२ च्या वर असतो. या परिस्थितीत सळईवर एक पातळ संरक्षक थर टिकतो आणि ती गंजत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो, चुन्याशी संयोग पावतो आणि सामू ९ च्या खाली आणतो. हा बदल बाहेरून आत सरकत सळईपर्यंत पोहोचला की तिचे संरक्षण संपते. मग ओल मिळताच ती गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट असते. त्या दाबाने काँक्रीट फुटून पोपडे पडतात. आपल्याकडे आठ कोरड्या महिन्यांत वायू आत शिरतो आणि चार ओल्या महिन्यांत गंज वाढतो.

हा बदल किती खोल गेला आहे, ते शाळेच्या प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फ्थॅलीनने कळते. नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटच्या पृष्ठभागावर ते शिंपडले की अल्कधर्मी भाग गुलाबी होतो. ज्या भागाचे संरक्षण गेले तो रंगहीन राहतो. गिलाव्याची जाडी यात धरू नये. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा ९ वर्षांच्या घरात ती १० मिलिमीटर आढळली. मग ३६ वर्षांत २० मिलिमीटर होईल, आणि सळईवरचे कवच २५ मिलिमीटर असेल तर तिथे पोहोचायला सुमारे ५६ वर्षे लागतील. ती ९ वर्षांतच २० मिलिमीटर गेली असेल तर १४ वर्षांत सळईपर्यंत पोहोचेल. दोन्ही घरे बाहेरून सारखीच रंगवलेली असू शकतात! पाडलेल्या घराचे तुकडे आणून विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग करून घेता येईल. विकत घ्यायच्या घरात मात्र तो मालकाच्या परवानगीने आणि जाणकार अभियंत्याकडूनच करवावा.

नवे बांधायचे तर

वरची दोन घरे इतकी वेगळी का निघाली? याचे उत्तर बहुधा बांधण्याच्या दिवसांत असते. ५० किलो सिमेंटच्या गोणीला रासायनिक क्रियेपुरते सुमारे १२ लिटर पाणी लागते. मिश्रण नीट पसरावे म्हणून २५ लिटरच्या आसपास घालतात. काम सोपे व्हावे म्हणून गवंडी आणखी दोन बादल्या ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे ठेवते. त्याच छिद्रांतून वायू आणि ओल आत येते.

याउलट काँक्रीट घातल्यानंतर पाणी मारण्यात कंजुषी होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होते. म्हणून साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस ते सतत ओले ठेवावे लागते. मिश्रणात पाणी कमी आणि नंतर वरून भरपूर, या दोन गोष्टी पाहायला तिथे रोज कोणीतरी हजर हवे. ज्यांना हे शक्य नाही त्यांना नव्या बांधकामाचा मुख्य फायदा, म्हणजे नियंत्रण, मिळतच नाही. ठाण्यात राहून फोनवर बांधलेल्या घरात पुरावाही नसतो आणि नियंत्रणही नसते.

एक हिशोब निसर्गाचाही आहे. १००० चौरस फुटांच्या काँक्रीटच्या घराला ढोबळमानाने ४०० गोणी, म्हणजे २० टन सिमेंट लागते. १०० ग्रॅम शुद्ध चुनखडी भाजली की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. भट्टीचे इंधन वेगळे. एक टन सिमेंटमागे साधारण ६०० ते ९०० किलो धरले तर २० टनांमागे १२ ते १८ टन होतात. उभ्या घरासाठी ही किंमत आधीच मोजलेली आहे. घर धड असेल तर दुरुस्ती करून वापरणे हे पृथ्वीच्या दृष्टीने बहुतेक वेळा स्वस्त पडते.

कागदपत्रांची तपासणी दोन्हीकडे सारखीच लागते. महाराष्ट्रात शेतजमीन घेणारा साधारणपणे स्वतः शेतकरी असावा लागतो, आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि या दोन तालुक्यांचा काही भाग २००३ पासून माथेरानच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो.

मग ठरवायचे कसे?

क्रम असा ठेवावा. आधी जमीन पाहावी. पाणी किंवा उतार यांत ती नापास झाली तर दोन्ही पर्याय तिथेच संपले. जमीन ठीक असेल आणि त्यावर उभे घर तपासणीत टिकत असेल, तर ते घ्यावे. घर टिकत नसेल, किंवा नुसता प्लॉटच असेल, तर नवे बांधावे. पण वर्षभर लक्ष द्यायची तयारी असेल तरच.

यात शाळेलाही काम आहे. विद्यार्थ्यांनी गावात फिरून २००५ आणि २०१९ च्या पाण्याच्या खुणा विचाराव्यात, त्या नकाशावर मांडाव्यात, कोनमापक आणि ओळंबा घेऊन उतारांचे कोन मोजावेत, जुन्या खाचरांच्या जागा दाखवाव्यात. असा नकाशा शाळेच्या भिंतीवर असला तर घर घेणाऱ्यांच्या आणि गावात राहणाऱ्यांच्याही उपयोगी पडेल. ज्यांना नकाशा मिळणार नाही त्यांनी निदान एवढे करावे. जागा दोनदा पाहावी. एकदा मे महिन्यात, विहिरीत पाणी किती उरते ते पाहायला. आणि एकदा जुलैत, भर पावसात, पाणी कुठून येते आणि कुठे जाते ते पाहायला.