वाडी एकटीची, कामं दोघांची

कोकणातली वाडी एका माणसासाठी रचलेलीच नाही. विहिरीवरचा रहाट, माडापोफळींतून फिरणारा पाट, खळं, गोठा, माळा, मागील दारची न्हाणी, या प्रत्येक गोष्टीमागे भरलेलं घर गृहीत धरलेलं आहे. त्या घरांतली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईला जात राहिली, आधी गिरण्यांत, मग कचेऱ्यांत. मागे राहिल्या एकेकट्या काकू, एखादे काका. आता त्यांच्यात आमच्यासारख्यांची भर पडते आहे: शहरातली नोकरी संपवून वडिलांच्या हिश्श्यावर येऊन राहिलेल्या माणसांची. गुहागर तालुक्यातल्या एका गावात मी अशीच एकटी राहते. माड, पोफळी, थोडे हापूस, वर कातळाच्या कडेला काजू, परसात भाजी, चार कोंबड्या आणि एक गाय, एवढा माझा संसार आहे.

भेटायला येणारे बहुतेक जण रात्रीच्या भीतीबद्दल विचारतात. रात्रीची सवय होते. रोज सतावणारा प्रश्न साधा असतो: शिडी कोण धरणार?

वाडीतल्या कामांची नीट उजळणी केली, तर निम्म्याहून जास्त कामांना दुसरं टोक असतं. जुन्या हापूसवर एक जण चढतो आणि दुसरा खाली उभा राहून दोरीनं सोडलेली टोपली उतरवून घेतो. विहिरीतला पंप वर काढताना दोर दोघांनी धरावा लागतो. भाताची गोणी पाठीवर द्यायला माणूस लागतं. गाय विताना एक जण तिच्या डोक्याशी आणि एक जण मागे लागतो. कौलं चाळायची, मांडव घालायचा, पडलेली फांदी करवतीनं कापायची, कुठलंही काम घ्या. यातलं एकेक काम अवघड नसतं. अंगात ताकद असली तरी ते एका जागी उभ्या असलेल्या एका माणसाला होत नाही, एवढंच. त्यामुळे एकट्यानं वाडी करताना सगळं नियोजन या दुसऱ्या टोकाभोवती करावं लागतं. किती जमीन राखायची, काय लावायचं, कुठलं जनावर पाळायचं, हे सगळं त्यावरून ठरतं.

जमिनीपासूनच सुरुवात करते. एकरात ४० गुंठे. शिफारशीप्रमाणे साडेसात मीटरवर लावलेले माड एका गुंठ्यात जेमतेम दोन बसतात. माझ्या मते रोज हात फिरवायची जागा एका माणसानं १५-२० गुंठ्यांच्या पुढे नेऊ नये. त्यात माड, पोफळी, केळी, मिरीचे वेल, परसबाग एवढं मावतं आणि एका विहिरीवर भागतं. बाकीच्या जमिनीवर आंबा-काजू असावा, कारण त्याची बेणणी, खत आणि काढणी ठरावीक महिन्यांत मजूर घेऊन उरकता येते. रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना १९९० साली आली, तेव्हापासून कोकणातले कितीतरी वरकस डोंगर आंबा-काजूखाली आले. त्या बागांपैकी ज्या आज ओस पडल्या आहेत, त्या बहुतेक माणसांवाचून पडल्या आहेत.

झाडाची उंची हा एकट्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठानं बनवलेला ‘नूतन झेला’ इथे मोलाचा ठरतो. जमिनीवर उभं राहून, चौदा आणे तयार झालेला आंबा देठासकट काढता येतो, चीक फळावर ओघळत नाही, डाग पडत नाही. पण झेल्याची काठी पोचेल एवढंच झाड हवं. म्हणून जुनी झाडं टप्प्याटप्प्यानं छाटून खाली आणायची आणि नवी कलमं पहिल्यापासून बुटकी राखायची. छाटलेलं झाड एक-दोन हंगाम कमी देतं. ते सोसावं. माडाचं मात्र काही चालत नाही. शिडीयंत्रं आली आहेत, केरळात बायकाही ती वापरून माडावर चढतात. तरी वाडीत दुसरं कुणी नसताना चढायचं नाही, हा माझा नियम आहे. नारळ पाडणारा दीड-दोन महिन्यांनी येतो. त्याचा दिवस तो ठरवतो आणि त्याप्रमाणे मी माझी कामं लावून घेते.

गाईबद्दल मनापासून सांगायचं, तर हा सर्वांत मोठा आनंद आहे आणि सर्वांत मोठं बंधनही. कोकण कपिला ही इथली लहान चणीची, मुसळधार पावसात टिकणारी, चढउताराला सरावलेली गाय. २०१८ मध्ये तिला राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली. दूध थोडं देते, पण एका माणसाला थोडंच लागतं आणि शेणखत वाडीला पुरतं. पण गाय आली की एक रात्रही बाहेर राहता येत नाही. पुण्यात भाचीचं लग्न असो की दातांचा डॉक्टर असो, आधी विचारायचं ते शेजारच्या वाडीतल्या काकूंना, “दोन वेळा गोठ्यात बघाल का?” बदल्यात त्यांच्या लावणीच्या दिवसांत मी त्यांच्याकडे असते. जुन्या सावडीचं हे दोन घरांपुरतं उरलेलं रूप आहे. पैसे देऊन हे मिळत नाही. माणूस रोजावर मिळेल, पण गाय पान्हा चोरते आहे की तिचं काही दुखतं आहे, हे ओळखणारं माणूस रोजावर मिळत नाही. असा शेजार नसेल तर गाय घेऊ नये. कोंबड्यांवर थांबावं, खुराडं मुंगसापासून पक्कं करावं.

माकडं आणि वानरं हा आता आमच्या भागातला जीवघेणा विषय झाला आहे. टोळी आली की कोवळी शहाळी, पपया, केळफूल, भोपळ्याचे वेल, काही ठेवत नाही. पूर्वी घरोघर राखण करायला पोरं आणि म्हातारी माणसं असायची. एकटं माणूस घरात भात टाकायला गेलं, की मागे वाडी मोकळी. मी शेवटी लागवडच बदलली. हळद आणि मिरी यांच्या वाट्याला माकडं फारशी जात नाहीत, म्हणून त्यांची जागा वाढवली आणि भाजी घराच्या भिंतीला लागून जाळीखाली आणली. रानडुकरांसाठी गडगा उंच आणि अखंड हवा. जांभ्याचा गडगा दर पावसाळ्यात कुठेतरी ढासळतो आणि तो रचतानाही समोरून दगड देणारा लागतोच.

आता जिवाच्या भीतीबद्दल. कोकणात तिचं खरं नाव फुरसं. वीतभर ते दीड-दोन फुटांचा हा साप कातळावर, दगडांच्या फटींत, पाल्यापाचोळ्यात असतो आणि चावल्यावर रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन एकच आहे आणि ते दवाखान्यातच घ्यायचं असतं. आवळून बांधणं, कापणं, चोखणं यांतलं काहीही करायचं नाही. अवयव हलवायचा नाही आणि लवकर पोचायचं. एकट्या माणसाला नेमकं हेच कठीण जातं, कारण ‘हलू नका’ आणि ‘लवकर पोचा’ या दोन्ही गोष्टी दुसऱ्या कुणाच्या तरी मदतीशिवाय जमत नाहीत. १०८ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण वाडीपासून रस्त्यापर्यंतची पाखाडी तिला चढता येत नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, मी तीन गोष्टी पक्क्या करते: जवळच्या कुठल्या दवाखान्यात ही लस आहे, रात्री गाडी काढणारे गावात कोण दोघं आहेत आणि मला खुर्चीवर बसवून पाखाडीवरून खाली नेणारे कोण. हे स्पष्ट बोलून ठेवायचं. संकोच करायचा नाही. गावातली माणसं अशा विचारण्यानं दुखावत नाहीत; आपल्याला गृहीत धरलं आहे, हे त्यांना बरं वाटतं.

मण्यार रात्री, झोपलेल्या माणसाला चावते आणि कधी कधी तो दंश कळतही नाही. त्यामुळे जमिनीवर झोपायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्यायची. पायात गमबूट, हातात बॅटरी आणि काठी असल्याशिवाय अंधारात गोठ्याकडे जायचं नाही. लाल विंचवाच्या बाबतीत आपला प्रदेश भाग्यवान म्हणायचा. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर वापरलं आणि जिथे बरीच माणसं दगावत तिथे ती वाचू लागली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण भागात एका डॉक्टरनं किती मोठं काम करावं, याचं हे उदाहरण आहे. चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोची भीतीही बाळगावी. पायाला जखम असेल तर त्या दिवशी लावणीत उतरू नये आणि ताप अंगावर काढू नये. एकट्या माणसाला ताप अंगावर काढायची फार सवय असते.

रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला काकू आणि मी एकमेकींना फोन करतो. बोलायला काही नसलं तरी करतो. पावसात टॉवर बंद पडतो, तेव्हा ओट्यावरचा कंदील हीच खूण. कंदील दिसला नाही तर काकूंचा मुलगा बघायला येतो. विहिरीत उतरण्याआधी, करवत चालवण्याआधी कुणाला तरी सांगायचं, हाही याच व्यवस्थेचा भाग.

खरी परीक्षा आषाढात होते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. आगोटीआधी लाकूडफाटा, शेणी, तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, आमसुलं, औषधं, मेणबत्त्या, गाईचा पेंढा, सगळं घरात पडलेलं असावं लागतं. वीज दोन-दोन, तीन-तीन दिवस जाते, म्हणून पंप असला तरी रहाट काढून टाकायचा नाही. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. माणसाचं मन याच दिवसांत खचतं. बोलायला कुणी नसतं तेव्हा लहानसा आजार आणि लहानशी काळजी दुप्पट होते. यावर मला सापडलेला उपाय म्हणजे दिवसाला आकार देणं. पहाटे गोठा, मग वाडीत एक फेरी, दुपारी टोपल्या विणणं किंवा वाचन, दिवेलागणीला फोन. आणि पाऊस कितीही असला तरी एकदा तरी दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसणं.

वादळाचीही जाणीव हवी. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आलं आणि रायगडपासून दापोलीपर्यंतच्या माडापोफळीच्या बागा काही तासांत आडव्या केल्या. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. पोफळ नव्यानं लावली तर उत्पन्नाला यायला पाच ते सात वर्षं लागतात. साठीला आलेल्या एकट्या माणसानं पुन्हा लावायची का? वादळात सापडलेल्या आमच्या ओळखीतल्या एका आजींनी लावली. कारण विचारलं तर म्हणाल्या, “गो, जागा रिकामी ठेवायची कशी?”

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, पण ते हलकं घेऊ नका. १९४८च्या कुळवहिवाट कायद्यानुसार शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन असेल तर सातबाऱ्यावर सगळ्या सहहिस्सेदारांची नावं असतात आणि योजनेचं अनुदान घ्यायचं म्हटलं की त्या सगळ्यांची संमतिपत्रं लागतात. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला, त्यामुळे आज माझ्यासारख्या बायका स्वतःच्या नावावर उभ्या आहेत. वाटप आधी करून घ्या, झाडं नंतर लावा.

पैशाबद्दलही स्पष्ट असावं. काजू फेब्रुवारीपासून, आंबा एप्रिल-मेमध्ये, सुपारी हिवाळ्यात, नारळ वर्षभर थोडाथोडा, असा पैसा येतो आणि खर्च मात्र बारमाही असतो. दुसरं थोडं उत्पन्न किंवा निवृत्तिवेतन नसेल तर सुरुवातीची वर्षं फार ओढीची जातात. मी निवृत्तिवेतनावर आले, म्हणून टिकले.

मग मिळतं काय? खायला मिळतं, हे पहिलं. पहिल्या पावसानंतर टाकळा आणि फोडशी, श्रावणात मांडवावरचं पडवळ आणि चिबूड, थंडीत वाल आणि कुळीथ, वैशाखात स्वतः सोलून, रसाची पुटं देऊन वाळवलेली आमसुलं. कुठल्या महिन्यात ताटात काय येणार हे बाजार ठरवत नाही. दुसरं, निर्णय आपला असतो. कुठलं झाड ठेवायचं, कुठलं काढायचं, आज काम करायचं की समुद्रावर जाऊन बसायचं, कुणाला विचारावं लागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वेळापत्रकावर जगलेल्या बाईला याची किंमत कळते. आणि तिसरं, गाव आपल्याला ओळखू लागतं. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. एकट्या बाईच्या अंगणातही ती तितकाच वेळ थांबते, तितकीच नाचते. त्या दिवशी ओटी भरताना हात थरथरतात. पहिल्या वर्षी ‘मुंबईची’ म्हणून ओळखली जाणारी मी आता वाडीच्या नावानं ओळखली जाते.

ज्यांच्या मनात असं राहण्याचा विचार आहे, त्यांना एकच विनंती. डिसेंबरात, आंब्याला मोहोर आलेला असताना जागा बघून निर्णय घेऊ नका. त्या दिवसांत कोकणातली प्रत्येक जागा सुंदर असते. त्याच गावात एखादी खोली भाड्यानं घ्या आणि पूर्ण आषाढ तिथे एकट्यानं काढा. महिनाभरात अडीअडचणीला हाक मारता येईल अशी दोन घरं जोडली गेली, तरच जमिनीचा व्यवहार करा.