गुडघा बदलला, पुढे काय?

गुडघेबदल शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने वॉकर धरून चार पावले टाकली की घरच्यांना हायसे वाटते. पण पुढचे तीन महिनेही तितकेच महत्त्वाचे असतात. कोणते दुखणे सोसायचे आणि कोणते लगेच दाखवायचे, हे रुग्णाला व घरच्यांना माहीत हवे.

थोडी सूज आणि गुडघा गरम लागणे काही महिने राहू शकते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटते, कारण तिथल्या बारीक नसा कापल्या जातात. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र कमी होत आलेले दुखणे पुन्हा वाढले, जखमेतून पाणी किंवा पू आला, लाली पसरली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना गाठा.

अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून स्वतःच सुरू करू नका. लक्षणे तात्पुरती दबतात, सांध्यातले पाणी तपासूनही जंतू सापडत नाहीत आणि मोलाचे दिवस वाया जातात. जंतुसंसर्ग साधारण शंभरात एक-दोघांना होतो. तो लवकर लक्षात आला, तर सांधा उघडून, धुऊन, मधली प्लास्टिकची चकती बदलून बसवलेला सांधा अनेकदा वाचवता येतो. उशीर झाल्यास जंतू धातूवर थर धरतात. मग बहुतेकदा सगळा सांधा काढून, काही आठवडे अँटिबायोटिकयुक्त सिमेंटचा तात्पुरता ठोकळा ठेवून, पुन्हा नवा बसवावा लागतो. मधुमेह असेल तर साखर काटेकोर सांभाळा.

पोटरी दुखून सुजली तर रक्ताची गुठळी झाल्याची शक्यता असते. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर थेट तातडीच्या विभागात जा. रक्त पातळ ठेवणारी औषधे मनाने बंद करू नका.

तिसरा धोका गुडघा आखडण्याचा. आराम वाटतो म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवण्याची सवय अनेकांना लागते. त्यामुळे पाय पूर्ण सरळ होत नाही. उशी हवीच असेल तर टाचेखाली घ्या. सहा आठवड्यांत गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकायला हवा. व्यायाम करूनही वाकत नसेल, तर भूल देऊन तो वाकवता येतो. पण हा उपाय पहिल्या तीन महिन्यांत केल्यास अधिक लागू पडतो.

टाके काढताना, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि वर्षाने, किंवा तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, तपासणी करून घ्या. त्यानंतरही अधूनमधून एक्स-रे काढावा. सांधा सैल होऊ लागला तरी सुरुवातीला दुखतेच असे नाही. जाताना जुने एक्स-रे सोबत न्या. शेजारी ठेवून पाहिल्यावरच फरक कळतो.