सांख्यिकीय यामिकीचे विद्यापीठीय अध्ययन

अणू, रेणू इ. असंख्य सूक्ष्म कणांच्या वर्तनावरून दाब, तापमान यांसारखे द्रव्याचे स्थूल गुणधर्म संभाव्यतेच्या साहाय्याने काढणारी भौतिकीची शाखा म्हणजे सांख्यिकीय यामिकी होय. जे. सी. मॅक्सवेल, एल. बोल्ट्समान व जे. डब्ल्यू. गिब्ज यांनी तिचा पाया घातला. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ (स्थापना १९४९) आणि भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था (आयसर, स्थापना २००६) येथे भौतिकीच्या अभ्यासक्रमात हा विषय शिकविला जातो.

त्यासाठी अभिजात यामिकी, ऊष्मागतिकी, पुंजयामिकी व संभाव्यतेचे गणित यांची पूर्वतयारी लागते. तथापि विद्यार्थ्याची मुख्य अडचण दृष्टिकोन बदलण्याची असते. यामिकीत एका कणाचा मार्ग अचूक काढावयाचा असतो. येथे तो प्रश्नच सोडून द्यावा लागतो. एक लिटर हवेतील रेणूंची संख्या २३ अंकी असते. प्रत्येकाचा मार्ग काढणे अशक्य तर आहेच, पण अनावश्यकही आहे. त्याऐवजी एखादी स्थूल स्थिती किती सूक्ष्म रचनांनी साध्य होते, हे मोजतात. उदा., पेटीत चार कण असल्यास ते सर्व डाव्या अर्ध्या भागात असण्याची संभाव्यता १/१६, तर दोन्ही भागांत दोन-दोन असण्याची ६/१६ असते. कण शंभर असल्यास पहिल्या संभाव्यतेच्या छेदात ३१ अंकी संख्या येते. वायू आपोआप पसरतो, पण पुन्हा एका बाजूस गोळा होताना दिसत नाही, तो यामुळेच. एंट्रॉपी ही राशी सूक्ष्म रचनांच्या संख्येच्या लॉगरिथमाच्या प्रमाणात असते.

मोजणी कशी करावी, हाही मूलभूत प्रश्न आहे. प्रकाशकण परस्परांपासून वेगळे ओळखता येत नाहीत, असे मानणारी मोजणी सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये मांडली व तीतून प्लांक यांचा प्रारणविषयक नियम मिळाला.

कणांमध्ये परस्परक्रिया असल्यास अचूक उत्तरे क्वचितच मिळतात. संशोधनास वाव आहे तो येथे. वाळूच्या ढिगाच्या एका गणितीय प्रतिकृतीत कण घसरण्याचा क्रम बदलला, तरी अंतिम स्थिती तीच राहते, असे दीपक धर यांनी १९९० मध्ये सिद्ध केले. पुण्याच्या आयसरमध्ये असताना त्यांना २०२२ चे बोल्ट्समान पदक जॉन हॉपफील्ड यांच्यासमवेत जाहीर झाले. हे पदक मिळविणारे ते पहिले भारतीय होत. त्या प्रतिकृतीतही प्रत्येक घसरणीचा क्रम जाणण्याची गरज उरत नाही. कोणती माहिती सोडून दिली तरी निष्कर्ष बदलत नाही, हे ओळखता येणे हेच या विषयाच्या अध्ययनाचे मर्म होय.