निकेल धातूचा पूर्वेतिहास व बाल्हीकांचीं पांढरीं नाणीं

बाल्हीक देशच्या, म्हणजे बॅक्ट्रियाच्या, यवन राजांचीं कांहीं पांढुरकीं नाणीं जुन्या नाण्यांच्या संग्रहांत आढळतात. दुसरा युथिडेमस, पँटालिऑन व अगाथोक्लीझ हे ते राजे असून त्यांचा काळ ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांत पडतो. दिसावयास हीं नाणीं हिणकस रुप्याचीं वाटतात. परंतु १८६८ सालीं वॉल्टर फ्लाइट या रसायनज्ञानें युथिडेमसाच्या एका नाण्याचें पृथक्करण केलें, तेव्हां त्यांत शेंकडा सुमारें ७७ भाग तांबें व २० भाग निकेल निघालें. यूरोपास तर निकेल हा धातु अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ठाऊकच नव्हता. मग दोन हजार वर्षांपूर्वीं तो बाल्हीकांच्या टांकसाळींत आला कसा, असा प्रश्न उपस्थित होतो. त्याचा विचार करण्यापूर्वीं या धातूचा शोध व शोधन यांचा क्रम पाहणें अवश्य आहे.

जर्मनींतील सॅक्सनी प्रांताच्या खाणींत तांब्यासारखा तांबूस दिसणारा एक दगड सांपडे. परंतु तो कितीही भाजला तरी तांबें निघत नसे, उलट सोमलाचा विषारी धूर मात्र निघे. हा खाणींतील निकेल नांवाच्या खट्याळ पिशाच्चाचा खेळ समजून खाणकऱ्यांनीं त्या दगडास ‘कुप्फरनिकेल’ म्हणजे पिशाच्चाचें तांबें असें नांव दिलें. स्वीडनांतील क्रोन्स्टेट यानें लोस येथील कोबाल्टच्या खाणींतील खनिजावर प्रयोग करून १७५१ मध्यें नव्या धातूचा शोध जाहीर केला व पुढें १७५४ मध्यें त्यास निकेल हें नांव दिलें. हा स्वतंत्र धातु नसून लोखंड, कोबाल्ट, तांबें व सोमल यांची भेसळ आहे, असा अनेकांचा आक्षेप होता. बर्गमन यानें १७७५ मध्यें तो दूर केला आणि रिख्टर यानें १८०४ मध्यें शुद्ध निकेल सिद्ध केलें.

याच सुमारास चीन देशांतून कॅंटन बंदरामार्गें ‘पाकटाँग’ म्हणजे पांढरें तांबें यूरोपांत येत असे. एंगेस्ट्रोम यानें १७७६ मध्यें त्यांतही निकेल असल्याचें दाखविलें. पुढें १८२३ च्या सुमारास सॅक्सनींतील गाइट्नर यानें त्याच्या नमुन्यावर तांबें, जस्त व निकेल यांची रुपेरी मिश्रधातु तयार केली. यास लागणारें निकेल कोबाल्टचा निळा रंग करणाऱ्या कारखान्यांच्या टाकाऊ गाळांतून मिळे. अशा रीतीनें एकेकाळचा उकिरडा हीच निकेलची खाण झाली.

मागणी वाढली तशी खनिजाची टंचाई भासूं लागली. १८६४ मध्यें गार्निए यास न्यू कॅलिडोनिया बेटांत निकेलचें हिरवें खनिज आढळलें. १८८३ मध्यें कॅनडांत लोहमार्ग घालतांना सडबरी येथील सांठे उघडकीस आले. परंतु तेथें तांबें व निकेल एकजीव झालेलें, त्यामुळें दोन्ही वेगळीं करणें हेंच मोठें संकट. माँड, लँगर व क्विंके यांनीं १८९० मध्यें त्यावर एक उपाय प्रसिद्ध केला. कोळशाचा विषारी वायु (कार्बन मोनॉक्साइड) मंद उष्णतेवर निकेलवरून नेला असतां निकेल वायुरूप होऊन उडून जातें. तोच वायु अधिक तापविला म्हणजे शुद्ध निकेल मागें राहतें. तांब्याचें तसें होत नाहीं. या रीतीचा कारखाना वेल्समध्यें क्लिडाख येथें १९०२ मध्यें सुरू झाला.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. कनिंगहॅम याचें मत, बाल्हीकांस ही धातु चीनहून मिळाली असें होतें. चांग छिएन या चिनी वकिलास बाल्हीकांत चिनी कापड व वेळूच्या काठ्या दिसल्या, हें या मतास पोषक खरें; पण तो तेथें पोंचला ख्रिस्तपूर्व १२८ च्या सुमारास, म्हणजे हीं नाणीं पडल्यानंतर सुमारें अर्ध्या शतकानें. शिवाय अठराव्या शतकांतील पाकटाँगमध्यें जस्ताचा अंश मोठा असे, तो या नाण्यांत नाहीं. उलट इराणांतील अनारक परिसरांत तांबें व निकेल यांचीं सोमलयुक्त खनिजें एकत्रच सांपडतात. असल्या एखाद्या मिश्र खनिजापासून ही धातु झाली असावी, हें अधिक संभाव्य दिसतें. बाल्हीकांनीं निकेल वेगळें काढलें असें मानण्याचें मात्र कारण नाहीं. त्यांना लाभलें तें पांढरें तांबें होय.

संग्राहकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, असें नाणें लोहचुंबकास चिकटत नाहीं. म्हणून चुंबकाच्या परीक्षेवरून त्यांत निकेल नाहीं असें ठरवूं नये. हिंदुस्थान सरकारनें १९०७ मध्यें काढलेली एक आण्याची कंगोरेदार नाणीं याच जातीच्या, ७५ भाग तांबें व २५ भाग निकेल अशा, धातूचीं होतीं. तींही चिकटत नाहींत. पाण्यांत तोलून विशिष्ट गुरुत्व काढावें. शुद्ध रुप्याचें तें १०.५ व या मिश्रधातूचें ८.९ च्या आसपास भरतें. तेव्हां ‘हिणकस रुपें’ अशी नोंद टिपणांत करण्यापूर्वीं नाणें एकवार तरी तोलून पाहावें, आणि तेजाबानें घासून त्यावरील पुरावा नाहींसा करूं नये.